भाचीचं गणित

इंजिनाला रात्रभर विजेची वायर लावून ठेवली नाही
तर सकाळी बस हूं की चूं करत नाही.
सुपीरियर सरोवराच्या या काठावर
जानेवारीत डिझेलसुद्धा रुसून बसतं.
रीटा कांगास चारला उठते, काच खरवडते,
कॉफीचा थर्मास मांड्यांत दाबून
सत्तावीस नंबरची पिवळी बस बाहेर काढते.

एकोणीस वर्षं ती पोरांना हायस्कूलच्या दारात सोडते
आणि दारातूनच मागे वळते.

दहावीच्या मार्चमध्ये आई अंथरुणाला खिळली.
पाठची चार भावंडं. "उन्हाळा सरला की येते,"
असं बाईंना सांगून ती निघाली होती.
इथला उन्हाळा जेमतेम दहा आठवड्यांचा.
तिचा सदतीस वर्षं लांबला.

आता डेपोत टेबलखुर्चीची जागा निघालीय.
पाठीचा मणका म्हणतो, घे.
फॉर्मवरचा एक रिकामा चौकोन म्हणतो, थांब.

म्हणून सव्वाआठ ते अडीच
पोरं वर्गात, आणि ती
आइस हॉकीच्या मैदानामागे बस लावून
पाचव्या रांगेत, गुडघे दुमडून.
समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी कोरलंय: सोडवा.
लायब्ररीचं पुस्तक, पान एकशे बारा.
उतार म्हणजे उंचीतला फरक भागिले अंतरातला फरक.

ती फिस्सकन हसते.
खाणीच्या टेकडीवर, लेहतोंच्या टपालपेटीपाशी
ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा, दाबायचा नाही,
गिअर खालचा, श्वास अर्धा,
मागे एकतीस जीव.
हे सगळं तिच्या उजव्या तळव्याला पाठ आहे.
पण तळव्याचं उत्तर
अ, ब, क, ड मध्ये बसत नाही.

उतारे वाचताना तर झापडच येते.
कुठल्याशा कालव्याची हकीकत. लेखकाचा हेतू ओळखा.
वाचणाऱ्याला झोपवणे, असा पर्याय नसतो.

ईलाय बोशां, शेवटच्या सीटवरचा, तोंडातून अक्षर न काढणारा,
एका दुपारी उतरताना तिच्या वहीपाशी थबकला.
"भाचीची आहे," रीटा म्हणाली. कान तापले.
"तिसरं चुकलंय. वजाचं चिन्ह खाल्लंय भाचीनं."

दुसऱ्या सकाळी चालता चालता
त्यानं स्टिअरिंगपाशी चिठ्ठी टाकली.
खाली जाणारी एक रेघ, शेजारी पेन्सिलीनं:
खाली जात असेल तर वजा. भाचीला सांगा, एवढंच असतं.

अशा चिठ्ठ्या सहा आठवडे.
भाचीचं नाव त्यानं कधी विचारलं नाही.
तिनंही ठेवलं नाही.

फेब्रुवारीत त्याला सोळा पूर्ण झाली.
मग त्याच्या फाट्यावर नुसता बर्फ उभा.
नियम एक मिनिटाचा. ती तीन थांबली.
"बाप त्याला लाकडाच्या गिरणीत लावतोय,"
मागून कुणीतरी म्हणालं.
वायपर नाही नाही म्हणत राहिले.

परीक्षेला ती सत्तर मैल दुसऱ्याच्या बसमधून गेली,
उतारू म्हणून. हात कुठे ठेवावेत कळेना.
केंद्रावरच्या मुलीनं घड्याळ काढायला लावलं,
"टेन्शन घेऊ नका," म्हणाली, लेकीच्या वयाची.
पडद्यावर नववा प्रश्न: एक रेघ,
डावीकडून उजवीकडे घसरत चाललेली.
टेबलाखाली उजवा पाय आपोआप ताठ झाला.
मग तिनं वजा टाकलं.

सोमवारी तो फाट्यावर उभा होता.
दप्तर नाही. अंगात बापाचं जाकीट, बाह्यांना भुसा.
गिरणीच्या गाडीची वाट बघत असणार.
तिनं दार उघडलं.
सगळी थंडी आत शिरली, पोरं ओरडली.
तो हलला नाही. बुटानं बर्फ उकरत म्हणाला,
"भाचीचं काय झालं?"

रीटानं खिशातली घडी चाचपली, काढली नाही.
आरशातून पाचव्या रांगेकडे पाहिलं,
आणि म्हणाली,
"चढ."